पगारातून कापलेले पैसे आणि दुखणारी दाढ



'दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या कष्टकरी कुटुंबांत मात्र तिसराच प्रकार पाहायला मिळतो. दाढ दुखत असते, तिच्या औषधपाण्यासाठी आपल्याच पगारातून दरमहा पैसे कापलेले असतात, आणि तरीही आपण उसनेपासने करून खासगी दवाखान्याचे बिल भरतो. कारण ते पैसे कशासाठी कापले जातात हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. हा लेख त्याच पैशांविषयी आहे.

मी सांगणाराही या दोषातून सुटलेला नाही. म्हणून आधी माझीच चूक सांगतो.

मी लिहीत होतो तो आकडा

काही वर्षे मी गोव्यातील एका कारखान्यात पगाराच्या टेबलावर कारकून होतो. आपल्या मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी भागातील पुष्कळ मुले-मुली तिकडे कामाला जातात, तशी आमच्या कारखान्यातही होती. मालवण तालुक्यातीलच आपल्या समाजाची एक भगिनी कंत्राटदारामार्फत पॅकिंग खात्यात काम करीत होती. पगार बारा हजार रुपये. त्यातून दरमहा ९० रुपये 'ईएसआय' या रकान्यात मीच कापून दाखवीत होतो.

२०२२ साली तिची खालची दाढ दुखू लागली. पहिले काही दिवस तिने लवंग धरली. मग मेडिकलमधून वेदनेच्या गोळ्या आणल्या. एके दिवशी गाल सुजून डोळ्यापर्यंत आला, तेव्हा ती खासगी दंतवैद्याकडे गेली. दाढेची मुळे साफ करून वर टोपी बसवेपर्यंत साडेसात हजार रुपये खर्च झाले. पाच हजार बचत गटातून काढले, उरलेले भावजींकडून घेतले. आठ दिवस कामावर खाडा झाला, त्याचा पगारही गेला. ती उचल मागायला माझ्याच टेबलासमोर उभी राहिली. मी उचलीचा अर्ज लिहून दिला, सही घेतली आणि पुढच्या माणसाला बोलावले.

त्यानंतर काही महिन्यांनी विहारात १४ एप्रिलचा कार्यक्रम होता. 'बाबासाहेब आणि कामगार' या विषयावर चार शब्द बोलण्याचे माझ्याकडे आले, म्हणून मी वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आले की, ज्या विम्याच्या पायाभरणीविषयी मी भाषण करणार आहे, तोच विमा त्या ९० रुपयांच्या रकान्यात आहे. तिची दाढ त्या विम्यातून बघून घेता आली असती. डॉक्टरांचा दाखला असता तर आजारपणाच्या दिवसांचे काही पैसेही मिळाले असते.

मी तिला गाठून सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, "दादा, मगे तुमी माका ह्या आदी कित्याक नाय सांगलात?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आकडा बरोबर लिहिणे हे माझे काम आणि अर्थ सांगणे हे दुसऱ्या कोणाचे तरी, असे मी धरून चाललो होतो. तो दुसरा कोणी नव्हताच.

हा विमा आला कोठून?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याच्या कारकिर्दीत, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम देण्यात आले. १९४४ साली आडारकरांनी आपला अहवाल दिला. त्याच पायावर पुढे १९ एप्रिल १९४८ रोजी कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना प्रत्यक्ष सुरू झाली, आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली.

आपल्या कोकणातील हजारो माणसे तेव्हा गिरण्यांत होती. गिरणगावात राहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा, परळच्या कामगार रुग्णालयाचे नाव त्यांच्या ओठावर असते. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या आणि त्याबरोबर या विम्याची ओळखही पुढच्या पिढीपर्यंत पोचली नाही. विमा मात्र गेलेला नाही. १९४८ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून 'सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०' या नव्या कायद्यात सामावला गेला, पण योजना चालूच आहे.

या विम्यात एक गोष्ट मोलाची आहे. तो ऐच्छिक नाही. मालकाच्या मर्जीवर नाही, आणि 'मला नको' म्हणण्याची मुभा कामगारालाही नाही. सक्ती आहे म्हणूनच गरिबाला तो मिळतो. मर्जीवर सोडला असता, तर मालकाने भरला नसता आणि हातावर पोट असलेल्या माणसालाही तो परवडला नसता.

हिशेब समजून घ्या

१ जुलै २०१९ पासूनच्या दराने कामगाराच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया कापला जातो आणि मालकाला शेकडा सव्वातीन रुपये भरावे लागतात. म्हणजे बारा हजार पगारावर कामगाराचे ९० रुपये आणि मालकाचे ३९० रुपये, मिळून ४८०. वर्षाचे झाले ५,७६० रुपये. एवढी रक्कम तुमच्या नावाने जमा होते. मालकाचा वाटा तुमच्या पगारातून कापणे बेकायदेशीर आहे, हेही ध्यानात ठेवा.

दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना ही योजना लागू होते. १ जानेवारी २०१७ पासून पगाराची मर्यादा दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. कंत्राटी कामगारही यात येतात. कंत्राटदाराने पैसे भरले नाहीत, तर मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही.

विमा एकट्या कामगाराचा नसतो. नवरा किंवा बायको, अवलंबून असलेली मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांनाही औषधोपचार मिळतो. कामगार गोव्यात किंवा मुंबईत आणि कुटुंब गावी, अशी आपली बहुतेकांची स्थिती. अशा वेळी कुटुंबासाठी वेगळ्या ठिकाणचा दवाखाना नोंदवून घेण्याची सोय आहे. नोंदणी करतानाच ती करून घ्यावी.

दाताचे काय काय मिळते?

आता मुख्य मुद्दा. 'विमा म्हणजे ऑपरेशनसाठी, दातासाठी थोडाच असतो!' असा समज आपल्याकडे फार आहे. खासगी कंपन्यांच्या पुष्कळ विमा पॉलिसींबाबत तो बराचसा खराही आहे. त्यांत रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, आणि दातासाठी सहसा कोणी दाखल होत नाही.

कामगार विम्याची रीत निराळी. तेथे पैसे हातात मिळत नाहीत, उपचार मिळतो. साधा ताप असो की मोठा आजार, दवाखान्यापासून सुरुवात होते आणि दातही त्यात येतात. ईएसआय रुग्णालयांतून दंत विभाग आहेत. विमा महामंडळाची स्वतःची दंत महाविद्यालयेही आहेत, एक दिल्लीत रोहिणी येथे आणि दुसरे सोलापूरच्या पलीकडे कलबुर्गी येथे.

दात तपासणे, औषधे, एक्स-रे, किडलेला दात काढणे, पोकळी भरणे, हिरड्यांचे उपचार ही नेहमीची कामे झाली. मुळांचा उपचार, म्हणजे ज्याला आपण रूट कॅनाल म्हणतो, तो त्या त्या रुग्णालयातील सोयीप्रमाणे होतो. दात पांढरेशुभ्र करणे किंवा केवळ दिसण्यासाठीचे उपचार यात धरू नयेत. टोपी आणि कवळी यांबाबत मात्र आधी डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे, काय मिळेल आणि काय स्वतः करावे लागेल ते विचारावे, मगच बाहेर पैसे खर्चावेत.

कामावर असताना अपघात होऊन दात पडला किंवा जबड्याला मार बसला, तर ती 'कामावरची इजा' ठरते आणि तिचे हक्क वेगळे व अधिक असतात. अशा वेळी त्याच दिवशी अपघात नोंदवहीत नोंद करून घ्या. 'एक दात तर गेला, कशाला बोंबाबोंब' असे म्हणून आपली माणसे गप्प बसतात. पुढे कागद नसला की हक्कही राहत नाही.

जायचे कसे?

पहिली पायरी, आपला दहा आकडी विमा क्रमांक माहीत करून घ्या. तो पगाराच्या टेबलावर मिळतो. कार्डावर कुटुंबातील सर्वांची नावे आणि फोटो आहेत ना, हे पाहा. नवे मूल झाले, लग्न झाले, की नोंद करून घ्या.

दुसरी पायरी, नेमून दिलेल्या दवाखान्यात जा. तेथील डॉक्टर गरज पाहून चिठ्ठी देऊन रुग्णालयाच्या दंत विभागात पाठवतात. आपण होऊन खासगी दवाखान्यात खर्च केला, तर तो बहुधा परत मिळत नाही. आमच्या भगिनीचे साडेसात हजार असेच गेले.

तिसरी पायरी, सूज-तापामुळे कामावर जाणे अशक्य असेल, तर विमा डॉक्टरांचा दाखला घ्या. ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणाच्या काळात पगाराच्या शेकडा सत्तर या दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत.

खोटी आशा दाखवायची नाही, म्हणून हेही सांगतो. रांग असते. दंतवैद्यांची तारीख मिळायला वेळ लागतो. एका खेपेत काम होत नाही. खाडा करून दोनदा जाणे रोजंदारीवरच्या माणसाला जड जाते. यावर उपाय एकच. दाढ ठणकू लागल्यावर नव्हे, तर थंड पाणी झोंबू लागले की जायचे. लहान पोकळी एका बैठकीत भरून निघते. तीच वर्षभर अंगावर काढली की मुळापर्यंत जाते, आणि मग रांगेत उभे राहण्याइतकाही धीर उरत नाही. आपला माणूस सावकाराकडे वळतो तो याच वेळी.

त्या भगिनीची दुसऱ्या बाजूची दाढ पुढच्या वर्षी झोंबू लागली, तेव्हा ती कार्ड घेऊन दवाखान्यात गेली. दोन खेपा झाल्या, दाढ भरून मिळाली, आणि खर्च झाला तो बसभाड्याचा.

ज्यांना हा विमा नाही त्यांनी काय करावे?

आपल्या किनाऱ्यावर रापण ओढणारे, होडीवर खलाशी म्हणून जाणारे, आंब्याच्या हंगामात बागेत राबणारे, घरकाम करणाऱ्या आयाबहिणी, दोन-चार खोल्यांच्या लॉजवर काम करणारी मुले यांतील बहुतेक जण या विम्याच्या बाहेर आहेत. ही मोठी उणीव आहे आणि त्यासाठी आवाज उठवलाच पाहिजे. तोवर दोन गोष्टी हाताशी आहेत.

पहिली, सरकारी रुग्णालये. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क करण्यात आले. मालवणचे ग्रामीण रुग्णालय आणि कणकवली व सावंतवाडीची उपजिल्हा रुग्णालये आपल्याला जवळची. दंतवैद्य कोणत्या वारी बसतात, हे आधी विचारून जावे, म्हणजे खेप फुकट जात नाही.

दुसरी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत तिचे संरक्षण आहे. दात भरणे, काढणे, कवळी बसवणे यांसाठी ही योजना नाही. पण तोंडाच्या कर्करोगासारख्या मोठ्या आजारात तिचा फार आधार होतो. माहितीसाठी १५५३८८ हा निःशुल्क क्रमांक आहे.

जगात दाताची हीच कथा

दाताला कडेला सारणे हा प्रकार आपल्याकडेच आहे असे नाही. आपला कायदा झाला त्याच १९४८ साली, ५ जुलैला, इंग्लंडमध्ये सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. लोकांची कवळ्यांसाठी रीघ लागली. तीनच वर्षांत, १९५१ साली, सरकारने खर्च वाचवण्यासाठी कवळी आणि चष्मा यांवर पैसे आकारायचे ठरवले. ज्यांनी ती सेवा उभारली, ते अन्यूरिन बेव्हन हे खाणकामगाराचे पुत्र. त्यांनी निषेध म्हणून मंत्रिपद सोडले. स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंत देशातही सक्तीच्या आरोग्य विम्यात नेहमीचे दंतोपचार येत नाहीत.

जर्मनीत सक्तीचा कामगार आरोग्य विमा १८८३ पासून आहे. तेथे एक चांगली रीत आहे. विमाधारक दरवर्षी दात तपासून एका पुस्तिकेत नोंद करून घेतो. पाच वर्षे सलग तपासणी केली, तर पुढे टोपी किंवा कवळी लागल्यास विम्याकडून मिळणारा वाटा ६० टक्क्यांवरून ७० टक्के होतो, आणि दहा वर्षे केली तर ७५ टक्के. दुखण्याआधी येणाऱ्याला बक्षीस, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे अशी पुस्तिका नाही. पण घरातल्या दिनदर्शिकेवर वर्षातून एक दिवस दातासाठी लिहून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

अज्ञानाची कीड आधी काढा

तथागतांनी भिक्खूंना दात घासण्याच्या काडीची अनुज्ञा दिली, हे विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आले आहे. दात न घासल्याने तोंडाला दुर्गंधी येते आणि अन्नाची चव कळत नाही, ही कारणेही तेथे दिली आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वी एवढा साधा, कारणे देणारा विचार होता! आणि आपण आजही कानात औषध घालून दाढेतून 'कीड' काढून दाखवणाऱ्याला पैसे देतो. ती अळी त्याने हातचलाखीने आणलेली असते. दाढेत असली अळी नसतेच. साखरेवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात, त्याने दात पोखरला जातो. 'वरची दाढ काढली की डोळे जातात' हाही निव्वळ गैरसमज आहे.

सर्वांत मोठा धोका मशेरीचा. आपल्या आयाबहिणी सकाळी मशेरी लावतात, आणि हिरड्यांना बरे वाटते म्हणून दिवसातून चार-चार वेळा लावतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तरुण मुलांत गुटखा आहे. महाराष्ट्रात २०१२ साली त्यावर बंदी आली तरी तो मिळतोच. पंचशील ग्रहण करताना मादक पदार्थांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा आपण विहारात मोठ्याने म्हणतो. त्यात तंबाखूची डबी येत नाही असे कोणी समजू नये. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, यांतले काहीही दिसले तर लाजू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. हा आजार लवकर सापडला तर माणूस वाचतो.

विहारातून एवढे करता येईल

आमच्या विहारात आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. महिन्यातील एका रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास पगाराच्या स्लिपा घेऊन बसायचे. जो लिहितावाचता आहे त्याने स्लिप वाचून दाखवायची. हा भविष्य निर्वाह निधी, हा विमा, हा तुमचा क्रमांक. कोणाचे नाव चुकले असेल, मुलाची नोंद नसेल, तर अर्ज तेथेच लिहून द्यायचा. पहिल्या रविवारी सात जण आले. त्यांतल्या तिघांना आपल्याला विमा आहे हेच ठाऊक नव्हते. एकाच्या स्लिपवर पैसे कापलेले होते, पण क्रमांकच नव्हता. त्याचा पाठपुरावा चालू आहे.

यासाठी निधी लागत नाही, मोठा वक्ता लागत नाही. प्रत्येक वाडीत आज बारावी झालेला, बी.कॉम. झालेला मुलगा किंवा मुलगी आहे. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले ते नोकरीपुरते नव्हे. शिकलेल्याने आपल्या माणसाचा कागद त्याला वाचून दाखवावा, हाही त्या शिक्षणाचाच भाग आहे. मी बराच काळ तो विसरलो होतो.

तेव्हा येत्या पगाराला एवढे करा. स्लिप हातात आली की 'ईएसआय' हा रकाना शोधा. आकडा असेल तर क्रमांक विचारा. आकडा नसेल आणि कारखान्यात दहापेक्षा जास्त माणसे असतील, तर का नाही ते विचारा. आणि घरात कोणाची दाढ थंड पाण्याने झोंबत असेल, तर ती ठणकायची वाट पाहू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!